गाडीचं ऑटो स्टार्ट-स्टॉप कायमचं बंद करायचंय? कपलर काढायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. दीड वर्षाची पेट्रोल ऑटोमॅटिक कॉम्पॅक्ट एसयूव्ही, घर जुळे सोलापूर, दुकान नवी पेठेत, रोज आसरा चौक, सात रस्ता असं करत जायचं आणि प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबला की इंजिन आपोआप बंद, सोडला की परत चालू. एसीची हवा कोमट होते, मागं बसलेल्या आईंना दर वेळी वाटतं गाडी बंद पडली. ओळखीचा एक ॲक्सेसरीवाला म्हणतोय की बॅटरीवरचं एक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून देतो, पाचशे रुपये द्या, कायमचं काम होतंय. मित्र म्हणतोय हे असंच चालू ठेवलं तर सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) आणि बॅटरी दोन्ही लवकर बसतील. तर कपलर काढू का, आणि वॉरंटीचं काय.

मी सोलापुरात गाड्यांचं इलेक्ट्रिकलचं काम करतो, उन्हाळा लागला की ही तक्रार घेऊन येणारे वाढतात. "काय ओ, नवी गाडी सिग्नलला बंद पडलालीय, शोरूमवाले म्हणतेत त्यात काय नाही." त्यांना डॅशबोर्डवरचं बटण दाखवलं, ते गोल बाणात ए लिहिलेलं असतंय ना ते, की निम्मे लोक तिथंच खूश होऊन जातात. उरलेले म्हणतात रोज रोज कोण दाबणार, कायमचं करा. तुम्ही या दुसऱ्या गटातले दिसताय. तर आधी सांगून टाकतो, बॅटरीवरचं कपलर काढू देऊ नका, फुकट काढून देत असला तरी नको. कायमचं बंद करायचे बरे मार्ग आहेत, फक्त तुमच्या गाडीला कुठला बसेल ते मॉडेल आणि साल बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्ही गाडीचं नाव लिहिलं नाही म्हणून मी सगळ्या बाजूंनी सांगतो, तुमचं तुम्ही जुळवून घ्या.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकात एक अडकल्यात. एसी गरम होतो ही एक, आईंना भीती वाटते ही दुसरी, आणि पार्ट खराब होतील ही तिसरी. पहिलीचा बराचसा इलाज एसीच्या सेटिंगमध्येच आहे, दुसरीला बटण किंवा मॉड्यूल (बटणाच्या मागं बसणारा छोटा भाग, पुढं सांगतो), आणि तिसरी बऱ्याच अंशी गैरसमज आहे. तिन्हींवर मिळून एकच कपलर काढलं तर चौथीच तक्रार सुरू होते, ती कशी ते पुढं येईल.

ही सिस्टीम इंजिन बंद करायचं कसं ठरवते ते बघू, कारण सगळं त्यावर आहे. गाडी थांबली की लगेच बंद असं ते नसतंय. आत कॉम्प्युटर एकामागून एक गोष्टी तपासतो. इंजिन पुरेसं तापलंय का, बॅटरीत पुरेसा चार्ज आहे का, एसीला आत्ता कॉम्प्रेसर लागतोय का, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक आहे का, ड्रायव्हरचा दरवाजा बंद आहे का, सीटबेल्ट लावलाय का, बोनेट बंद आहे का, स्टिअरिंग जास्त वळलेलं नाही ना, गाडी चढावर उभी नाही ना, मागच्या वेळी बंद झाल्यानंतर गाडी थोडा तरी वेग घेऊन चालली का. डिझेल असेल तर डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई चालू नाही ना हेही. या सगळ्याला हो आलं तरच इंजिन बंद होतं, एकाला जरी नाही आलं तर चालू राहतं. नेमकी यादी कंपनीगणिक बदलते, पण साचा हाच.

बाजारात जे काही "जुगाड" चालतात ते सगळे या यादीवरच चालतात. यादीतली एखादी गोष्ट खोटी करून दाखवायची, म्हणजे कॉम्प्युटर म्हणतो नको बाबा, आत्ता इंजिन बंद करायला नको. बोनेटचा स्विच काढला की त्याला वाटतं बोनेट उघडं आहे. बॅटरीचा सेन्सर काढला की त्याला वाटतं बॅटरीचा भरवसा नाही. काम होतं, खोटं नाही सांगत, इंजिन बंद व्हायचं थांबतं. अडचण अशी की ती माहिती फक्त स्टार्ट-स्टॉपला लागत नसते, तीच दुसऱ्या चार कामांना लागते, आणि तुम्ही दिलेली खोटी माहिती तिथंही पोचते. याउलट ऑफचं बटण दाबणं म्हणजे कॉम्प्युटरला सरळ सांगणं की आज नको. त्यात कुठंच खोटं नाही, म्हणून बाकी कशावर परिणामही नाही. माझ्याकडं कुणी असलं काम घेऊन आलं की मी एवढंच बघतो, हा उपाय बटणाच्या वाटेनं जातोय का सेन्सरच्या वाटेनं. सेन्सरच्या वाटेनं जात असेल तर मी हात लावत नाही.

आता तुमच्या ॲक्सेसरीवाल्याच्या कपलरकडं येतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा डबा बसवलेला असतो आणि त्यात दोन-तीन वायरींचं कपलर, तेच तो काढणार. तो डबा म्हणजे बॅटरी सेन्सर. बॅटरीतून किती करंट गेला, किती आला, व्होल्टेज किती, बॅटरी किती तापलीय, हे सगळं तो सतत मोजतो, थोडक्यात बॅटरीचं पासबुक तो भरतो. त्याच्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की डायनामोनं, म्हणजे अल्टरनेटरनं, किती व्होल्टेजनं चार्ज करायचं. आताच्या गाड्यांत चार्जिंग पूर्वीसारखं एकसारखं नसतं. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की चार्जिंग कमी करतात म्हणजे इंजिनवर ओझं कमी, ॲक्सिलरेटर सोडून गाडी वेगात असली की चार्जिंग वाढवून फुकटात बॅटरी भरून घेतात. सेन्सर काढला की हे सगळं आंधळं होतं. काही गाड्या मग ठरलेल्या एका व्होल्टेजवर चार्ज करत राहतात, काहींत मीटरवर लाइट लागतो, काहींत कॉम्प्युटरमध्ये फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, पडून राहतो.

आणि यात आपल्या गावाचा मुद्दा वेगळा आहे. एप्रिल-मेत सोलापुरात पारा ४२-४३ पर्यंत जातो, बोनेटच्या आत तर त्याहून बरंच जास्त. तापलेल्या लेड-ॲसिड बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी द्यावं लागतं, नाहीतर पाणी उडतं आणि प्लेटा खराब होतात. ते कमी करायला कॉम्प्युटरला बॅटरीचं तापमान कळावं लागतं, आणि ते सांगणाराच तुम्ही काढून ठेवलाय. बॅटरीवाल्या लोकांत एक जुना ठोकताळा आहे, तापमान १० अंशानं वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं. म्हणजे बॅटरी वाचवायला म्हणून केलेलं काम बॅटरीच्याच मुळावर येतं. ही ती चौथी तक्रार.

बोनेटच्या स्विचचा जुगाडही लोक करतात, त्याचंही सांगतो. त्यात मीटरवर बोनेट उघडल्याची खूण कायम दिसत राहते, काही गाड्यांत चोरीचा अलार्म आणि मोबाइलवरून इंजिन चालू करायची सोय या स्विचवर असते, ती बिघडते. रोज खोटी खूण बघायची सवय लागली की एखाद्या दिवशी बोनेट खरंच नीट लागलेलं नसलं तरी तुम्ही त्या खुणेकडं बघणार नाही, आणि पुणे रोडला ऐंशी-नव्वदच्या वेगात बोनेट उडून काचेवर आलं तर काय होतंय ते सांगायची गरज नाही. आणि हो, या स्विचचं मूळ काम माणूस वाचवणं आहे. स्टार्ट-स्टॉपनं बंद झालेलं इंजिन म्हणजे बंद गाडी नव्हे, ते कधीही स्वतःहून चालू होऊ शकतं. बोनेट उघडलं की ते चालू होऊ नये म्हणून तो स्विच. म्हणून कुठल्याही स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत बोनेटमध्ये हात घालायच्या आधी बटणानं किंवा चावीनं गाडी पूर्ण बंद करा, पंख्यात आणि बेल्टमध्ये बोट जायला क्षण पुरतो.

सीटबेल्टच्या खाचेत नुसती क्लिप घालायचा प्रकार इथं विषयाला धरून नाही कारण बेल्ट लावलेला दिसला तर इंजिन उलट बंदच होतं, पण काही जण याच्या उलटं करतात, म्हणजे बेल्ट न लावता चालवतात म्हणजे स्टार्ट-स्टॉप चालत नाही. मला यावर काही लिहायचंही नाही. त्या क्लिपा विकायला २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मोठ्या ऑनलाइन दुकानांना मनाई केली ती उगाच नाही.

मग "ऑफचं बटण कायमचं दाबून ठेवायचं, मागून दोन वायरी जोडून टाकायच्या" असंही कुणीतरी सुचवेल. बहुतेक गाड्यांत हे बटण दाबून सोडायचं असतं, घराच्या दिव्यासारखं चालू-बंद राहणारं नसतं. वायरी जोडून ठेवल्या की कॉम्प्युटरला वाटतं बटण अडकलंय, तो एकतर त्याच्याकडं दुर्लक्ष करतो नाहीतर फॉल्ट दाखवतो. फ्यूज काढायचं म्हणाल तर यासाठी वेगळा फ्यूज बऱ्याच गाड्यांत नसतोच, दुसरं काहीतरी बंद पडतं.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात येणारच, की कंपनीनं बटण दिलंय तर ते लक्षात का ठेवत नाही, दर वेळी गाडी चालू केली की परत चालूच का. याचं कारण मायलेजच्या चाचणीत आहे. गाडीचा अधिकृत मायलेज आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा ठरवताना गाडी चालू केल्यावर ज्या अवस्थेत असते त्याच अवस्थेत मोजतात. आपल्याकडं वर्षानुवर्षं वापरात असलेली चाचणी साधारण २० मिनिटांची आहे आणि त्यातला जवळपास पाव वेळ गाडी नुसती उभी असते, त्यामुळं तिथं स्टार्ट-स्टॉपचा फायदा चांगला दिसतो. वर सरकारचे कॅफे नियम आहेत, कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची मिळून सरासरी बघतात, २०२२-२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ती साधारण ११३ ग्रॅम प्रति किलोमीटरच्या आत ठेवायची. बटणानं लक्षात ठेवलं असतं तर बहुतेकांनी एकदा बंद करून परत कधी चालू केलंच नसतं, मग तो आकडा कागदावरच राहिला असता. म्हणून ते रोज परत चालू होतं. तुमच्या गाडीत काही बिघाड नाही.

आता काय करायचं ते.

एसीपासून सुरू करा कारण त्याला पैसे लागत नाहीत. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर चालतो, इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतो, ब्लोअर चालू राहतो आणि आतल्या कॉइलमध्ये जेवढा गारवा शिल्लक असेल तेवढाच वेळ थंड हवा येते. ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या गाडीत तुम्ही २५-२६ वर लावून ठेवलंत आणि गाडी आतून गार झाली की कॉम्प्युटर म्हणतो आता हरकत नाही, आणि इंजिन बंद करतो. भर उन्हात तापमान अगदी खाली लावलं, किंवा पुढच्या काचेवरची हवा चालू केली, की बऱ्याच गाड्या इंजिन बंदच करत नाहीत. काही गाड्यांत क्लायमेटच्या सेटिंगमध्येच इको आणि नॉर्मल असा फरक दिलेला असतो, नॉर्मलवर ठेवलं की एसीला जास्त मान मिळतो. हे आधी करून बघा, उन्हाळ्यातली अर्धी कटकट इथंच संपते. स्ट्राँग हायब्रीड गाड्यांचा, म्हणजे ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरचा हायब्रीड, सिटीचा ई-एचईव्ही, त्यांचा मामला वेगळा आहे. त्यांचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिन बंद असतानाही एसी गार राहतो, आणि तिथं इंजिन बंद-चालू होणं हा गाडीचा स्वभावच आहे, तो बंद करायचा विचारही करू नका.

दुसरं, पाय. तुमची ऑटोमॅटिक आहे, म्हणजे ब्रेक. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गाडी थांबण्यापुरता हलका ब्रेक धरला तर इंजिन चालू राहतं आणि पाय आणखी खोल दाबला तरच बंद होतं. सात रस्त्याला जिथं दहा फूट सरकून परत थांबायचं असतं तिथं हलका पाय ठेवायचा, सिग्नलवर नव्वद सेकंद दिसत असतील तर खोल दाबायचा. हे सगळ्या गाड्यांत सारखं नाही, मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा करून बघितलं की तुमच्या गाडीचं कळेल. स्टिअरिंग बरंच वळवून उभं राहिलं तरी बऱ्याच गाड्या इंजिन बंद करत नाहीत. मॅन्युअल गाडी असणाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांना तर याहून सोपं आहे, गाडी न्यूट्रल करून क्लच सोडला तरच इंजिन बंद होतं, थोडा वेळ क्लच दाबून धरला की होत नाही, फक्त तेवढ्यासाठी रोज क्लच धरून बसायची सवय लावून घेऊ नका, तो खर्च बॅटरीपेक्षा मोठा आहे. स्पोर्ट मोड असेल तर त्यातही स्टार्ट-स्टॉप बहुतेक बंद राहतं, पण गिअर उशिरा पडून पेट्रोल जास्त जातं, म्हणजे मूळ हिशेबच उलटा.

तिसरं बटण. गाडी चालू केली, बेल्ट लावला, बटण दाबलं, निघालो. आईंना घेऊन निघालात की हे करायचंच असं ठरवा. आधी स्क्रीनवरच्या गाडीच्या सेटिंगमध्येही नजर टाका, काही मॉडेलांत तिथं पर्याय असतो आणि लोकांना माहीत नसतो.

आणि रोज दाबायचंच नसेल तर चौथा मार्ग म्हणजे मेमरी मॉड्यूल. हे बटणाच्या मागच्या कपलरमध्ये मधे बसतं, कंपनीचं कपलर त्याच्यात, त्याचं कपलर बटणात, एकही वायर कापायची नाही. गाडी चालू झाली की ते तुमच्या वतीनं एकदा बटण दाबल्यासारखा इशारा देतं, किंवा तुम्ही शेवटी जे ठेवलं होतं ते लक्षात ठेवतं. मला हाच उपाय सगळ्यात पटतो कारण कॉम्प्युटरला जे कळतं ते खरंच असतं, मालकानं बटण दाबलं. काढायचं असेल तर दहा मिनिटांत काढून गाडी होती तशी होते. पण घेताना ते तुमच्याच मॉडेलचं आणि त्याच सालच्या बटणाचं आहे ना ते बघा, फेसलिफ्टमध्ये, म्हणजे त्याच मॉडेलच्या सुधारलेल्या आवृत्तीत, कपलर बदललेलं असतंय आणि मग बसवणारा कापाकापी सुरू करतो. कापायला लागलं की थांबवा. आणि स्वस्तातल्या मॉड्यूलचा एक दोष असतो, ते गाडी बंद असतानाही करंट खात बसतं. बसवल्यावर गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास तशीच सोडा, सगळे कॉम्प्युटर झोपू द्या, मग करंट मोजायचा मीटर लावून बघायला सांगा, सगळी गाडी मिळून साधारण ५० मिलिअँपियरच्या आत असली पाहिजे. ज्याच्याकडं हे मोजायचा मीटर नाही किंवा "एवढं काय बघायचं" म्हणतो, त्याच्याकडून बसवू नका.

स्कॅनरवरून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावरून, कोडिंग करून सेटिंग बदलणं हा पाचवा. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत हे जास्त चालतं, त्यातल्या काहींत स्टार्ट-स्टॉपसाठीची बॅटरी व्होल्टेजची मर्यादा इतकी वर नेऊन ठेवतात की ती कधी पूर्णच होत नाही. हे तसं सेन्सरला खोटं पाडत नाही, फक्त अट कडक करतं, म्हणून माझ्या दृष्टीनं कपलर काढण्यापेक्षा कितीतरी बरं. पण ज्याला त्या कंपनीच्या गाड्या माहीत आहेत त्याच्याकडूनच, आणि बदलायच्या आधी जुना आकडा लिहून ठेवून. सर्व्हिसला सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे पुसलंही जातं, तेव्हा परत बंद-चालू सुरू झालं तर घाबरू नका. आपल्याकडच्या बाकी बऱ्याच गाड्यांत असं कोडिंग उपलब्धच नसतं.

आता मित्राचं. सेल्फ लवकर जातो का? साध्या गाडीत कंपनीनं स्टार्ट-स्टॉप दिलं असतं आणि सेल्फ तोच जुना ठेवला असता तर नक्की गेला असता. पण तसं करत नाहीत. या गाड्यांचा सेल्फ मुळातच कित्येक पट जास्त वेळा चालू व्हायच्या हिशेबानं केलेला असतो, ब्रश, गिअर, सोलेनॉइड सगळं तगडं. मारुतीच्या स्मार्ट हायब्रीडमध्ये तर असं परत चालू करायला सेल्फ वापरतच नाहीत, बेल्टवरचा जनरेटरच मोटर होऊन इंजिन फिरवतो, म्हणून ते इतकं आवाज न करता चालू होतं. आणि गरम इंजिन चालू करणं सकाळच्या गार इंजिनइतकं जड नसतं. स्टार्ट-स्टॉपमुळं सेल्फ गेला अशी गाडी माझ्याकडं येत नाही, सेल्फच्या ज्या येतात त्या पाणी शिरलेल्या नाहीतर ढिल्या अर्थिंगच्या.

बॅटरीचं मात्र मित्र अर्धं बरोबर बोलला. या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे स्टार्ट-स्टॉपसाठी मजबूत केलेली बॅटरी असते, साधी नसते. साधी बॅटरी कायम भरलेली राहायच्या हिशेबानं केलेली असते, ईएफबी अर्धवट चार्जवर राहून वारंवार देणं-घेणं सोसते. म्हणून ती महाग. घोळ कुठं होतो तर पहिली बॅटरी संपली की दुकानदार म्हणतो "साधी टाका, बसती की, दोन-अडीच हजार वाचतेत", आणि ती लवकर जाते, मग नाव स्टार्ट-स्टॉपचं. बॅटरीवर एन-५५, एम-४२, क्यू-८५ असलं काहीतरी लिहिलेलं असेल तर ती स्टार्ट-स्टॉपवाली, तोच प्रकार परत घ्या. स्टार्ट-स्टॉप कायमचं बंद करून टाकलं तरी तोच घ्या, कारण वर सांगितलेलं ते कमी-जास्त चार्जिंग चालूच असतं, त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली नसते. नवी टाकल्यावर काही गाड्यांत स्कॅनरवर तशी नोंद करावी लागते, काहींत सेन्सरला जुळवून घ्यायला गाडी साधारण ४ तास बंद ठेवावी लागते, तोपर्यंत स्टार्ट-स्टॉप चालत नाही.

तुमच्या गाडीत डॅशकॅम, जास्तीचा हॉर्न, ॲम्प्लिफायर असलं काही बाहेरून बसवलंय का? असेल तर त्याची निगेटिव्ह वायर कुठं लावलीय ते बघा. थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावली असेल तर तो करंट सेन्सरमधून जातच नाही आणि पासबुकात नोंद होत नाही, कॉम्प्युटरला वाटतं बॅटरी भरलीय. निगेटिव्ह नेहमी बॉडीला, सेन्सरच्या पलीकडं. आणि याच्या उलट एक खूण लक्षात ठेवा. ज्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आधी नीट चालत होतं आणि आता थंडीतसुद्धा आपोआप चालेनासं झालंय, त्यांनी खूश होऊ नये. बहुतेक वेळा बॅटरी उतरणीला लागलेली असते आणि कॉम्प्युटरनं तुमच्या आधी ते ओळखलेलं असतं.

पैशाचं बघायचं तर १.२ लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन नुसतं उभ्यानं तासाला पाऊण लिटरच्या आगेमागे खातं, एसी असेल तर जास्त. तुमच्या जुळे सोलापूर ते नवी पेठ जाण्या-येण्यात मिळून दहा मिनिटं उभं राहणं धरलं आणि त्यातली निम्मी वेळ खरंच इंजिन बंद राहिलं, तर १०५ रुपये लिटरनं दिवसाला सहा-सात रुपये, महिन्याला दीडशे-पावणेदोनशे. पुण्या-मुंबईत तास-तास अडकणाऱ्याचा हिशेब वेगळा, आपल्याकडं गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी सोडली तर एवढं उभं कुणी राहत नाही. म्हणून सोलापुरात कुणी बंद ठेवलं तर मी त्याला पेट्रोल उधळलंस असं म्हणणार नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत हिवाळ्यात ते चालू असतं आणि होळी झाली की मी बटण दाबायला लागतो. तसंच पुण्याहून सलग दामटत आल्यावर सावळेश्वरच्या टोलला इंजिन पटकन बंद होऊ नये असं मला वाटतं, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) तापलेला असतो. कंपन्यांनी त्याची सोय केलेली असते हे माहीत असूनही मी तिथं दाबतोच. आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मधून उजवीकडं वळायला उभं असताना ते अर्ध्या सेकंदाचं थांबून चालू होणंही नको वाटतं, तिथंही दाबावं.

वॉरंटीचं थोडक्यात. बटण दाबण्यानं काहीही होत नाही, ते कंपनीनंच दिलंय. सेन्सर काढलेली किंवा वायर कापलेली गाडी बॅटरी-चार्जिंगच्या तक्रारीसाठी नेली की सर्व्हिस सेंटरवाला स्कॅनर लावणार, कधी आणि कुठला कोड पडला ते त्यात दिसतं, आणि त्या भागाची वॉरंटी नाकारायला त्याला कारण मिळतं. उद्या वायरिंग जळालं तर विम्याचा सर्व्हेअरही कापलेली वायर आधी बघतो. मॉड्यूल कपलरला कपलर असलं तरी तुमची गाडी दीड वर्षाचीच आहे, सर्व्हिसला देताना काढून ठेवत जा, वाद कशाला.

तुमच्या जागी मी असतो तर आधी आठवडाभर एसीचं सेटिंग आणि हलका ब्रेक एवढ्यावर काढला असता, आईंना घेऊन जाताना बटण दाबलं असतं, आणि मीटरवरची ती हिरवी खूण त्यांना दाखवली असती, की ही पेटली की गाडी बंद पडलेली नाही, ब्रेक सोडला की चालू होती. आमच्या शेजारच्या आजी आता मागच्या सीटवरून नातवालाच सांगतात, "पेटलं बघ". तरीही रोजची कटकट वाटली तर मॉड्यूल. तेव्हा गाडीचं मॉडेल, साल आणि बटणाच्या मागच्या कपलरचा फोटो टाका, पिना मोजून कुठलं बसेल ते सांगतो. आणि ॲक्सेसरीवाल्यानं समजा तुम्ही विचारायच्या आधीच ते कपलर काढून ठेवलं असेल तर आजच परत लावून घ्या, लॉक "टक" वाजेपर्यंत बसवायचं, रात्रभर गाडी बंद ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मीटरवर एखादा लाइट राहिलाच तर स्कॅनरनं कोड पुसून घ्यायचा.